न तापणारी मूठ

भांड्याची मूठ स्टोव्हवर तापते की नाही हे ठरवायला मी आमच्या आत्याचे हात वापरले. अंबरनाथच्या आमच्या चाळीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं, की आत्याच्या हाताला आग लागत नाही. मला तर सगळ्यांत आधी ठाऊक होतं, कारण ती आमच्याच घरात राहायची आणि तिच्या त्या हातांनी केलेल्या भाकऱ्या खाऊनच मी एवढा वाढलो होतो. तरीही वापरले. आज या वयात माणसं मला एखाद्या गोष्टीवर सल्ला विचारायला येतात तेव्हा हे वरचं पहिलं वाक्य त्यांना सांगून टाकावं असं मनात येतं. मग मी सल्ला देऊन मोकळा होतो.

आई गेल्यानंतर आत्या आमच्याकडे आली. तिचं सासर वांगणीच्या पलीकडे, डोंगराला टेकलेल्या एका पाड्यात होतं. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, दिरांना ती नकोशी झाली. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एका रविवारी जाऊन तिला आणलं. अण्णा अंबरनाथच्या एका कारखान्यात पाळीवर जायचे आणि घरी असले तरी नसल्यासारखेच असायचे. त्यामुळे घर म्हणजे मी, आत्या आणि पितळी पंपाचा स्टोव्ह. तो स्टोव्ह पेटला की त्याच्या घरघरीत दुसरं काही धड ऐकू यायचं नाही. ती बंद पडली, की घरात एकदम कुणीतरी आल्यासारखं वाटायचं. त्या शांततेत आत्या भांडं उतरवायची. हातात फडकं नाही, काही नाही. सांडशी खिळ्याला टांगलेली असायची आणि तिच्या पायांमध्ये कोळ्यानं निवांत संसार मांडला होता. आत्या उकळत्या वालाच्या भाजीचं पातेलं काठाला धरून उचलायची आणि खाली ठेवायची, जणू दोरीवरचं वाळलेलं लुगडं काढून ठेवतेय. तांदळाची भाकरी तव्यावरून थेट स्टोव्हच्या ज्योतीवर, ज्योतीवरून थेट माझ्या ताटात. सगळं बोटांनी.

शेजारच्या शेवंतामावशीनं हे पहिल्यांदा पाहिलं आणि हात जोडले. मग दर शुक्रवारी दुपारी चाळीतल्या बायका आमच्या खोलीत जमायला लागल्या. आत्या पाटावर बसायची, शेवंतामावशी तिच्या तळव्यावर कापूर ठेवायची आणि काडी लावायची. बायका आरती म्हणायच्या. मी दाराच्या चौकटीला टेकून पाहायचो. कापराची ज्योत तळव्यावर डुलायची आणि आत्याचा चेहरा जराही हलायचा नाही. डोळे मिटलेले नसायचे. भक्तिभाव वगैरेही नसायचा. समोरच्या बिऱ्हाडात कुणी दिवा लावला तर आपण जसं बघतो, तसं ती आपल्या तळव्याकडे बघायची. मला त्या ज्योतीची नव्हे, त्या बघण्याची भीती वाटायची. कोपराजवळ तिच्या कातडीवर एक फिकट डाग होता. शेवंतामावशी त्याला देवीचा टिळा म्हणायची आणि निघताना त्याला बोट लावून ते बोट कपाळाला लावायची.

बाकीही गोष्टी होत्या. सकाळी उठल्यावर आत्याच्या बोटावर एखादा चट्टा नाहीतर कापलेलं दिसायचं. ‘काय लागलं?’ विचारलं की म्हणायची, ‘कुनास ठाऊक.’ चहाच्या कपाभोवती तिची करंगळी आकड्यासारखी वळलेली असायची. पूर्वी तशी नव्हती. विळीवर भाजी चिरताना ती नजर अजिबात हलू न देता हातांकडे बघत राहायची, एखादं खोडकर पोर काही मोडेल म्हणून बघतात तशी. हे सगळं मी पाहिलं आणि यातून काढला तो निष्कर्ष असा, की आत्या म्हातारी होतेय. तेव्हा तिचं वय माझ्या सुनेच्या आजच्या वयापेक्षा फार जास्त नसेल.

मी बारावीत आपटलो होतो आणि उल्हासनगरच्या कॅम्प दोनमध्ये परसराम नावाच्या एका सिंधी सेठच्या कारखान्यात लागलो होतो. कारखाना म्हणजे पत्र्याची शेड. जर्मनच्या, म्हणजे अॅल्युमिनियमच्या, चकत्या लेथवर दाबून भांडी बनवायची, बफ मारून चकचकीत करायची आणि त्यांना मुठी ठोकायच्या. बफचा तो कर्कश आवाज घरी आलो तरी कानात चालू असायचा, आणि नाक शिंकरलं की रुमालावर राखाडी डाग. सेठला सगळे दादा म्हणत. दादा पापड मोडत मोडत चहा प्यायचा आणि त्याच पापडाचा तुकडा हलवत माणसांवर ओरडायचा. त्या सुमारास बाजारात न तापणाऱ्या मुठीच्या फ्रायपॅनचं खूळ आलं होतं. दादालाही ते काढायचे होते. त्यानं कुठून कुठून मुठी गोळा केल्या. एक काळी चकचकीत, एक तपकिरी, बॅकेलाइटची म्हणजे न वितळणाऱ्या कडक प्लॅस्टिकची लांबुडकी, एक लाकडी. प्रत्येक फ्रायपॅनला एकेक ठोकून त्यानं ते माझ्यापुढे ठेवले.

‘ले जा, बेटा. घर पे पकाओ. कौनसा हँडल ठंडा रहता है, देख के बता. मेरी घरवाली को बोला तो बोलती है, पहले तू पकड़.’

दादाची घरवाली, भाभी म्हणायचो आम्ही तिला, शेडच्या वरच्याच माळ्यावर राहायची आणि हे सगळं तिला ऐकू जायचं. वरून ती म्हणाली, ‘बरोबर बोली थी.’

मी ते फ्रायपॅन सायकलच्या कॅरिअरला बांधून घरी आणले. आता सरळ काम काय होतं? स्टोव्हवर ठेवायचे आणि आपला हात लावून बघायचा. पण मला भाजायची भयंकर भीती, अजून आहे. शिवाय मी मनाशी असाही विचार केला, की रोज रांधणाऱ्या बाईला जे कळेल ते मला काय कळणार! स्वतःच्या भित्रेपणाला इतकं सुंदर कारण मला आयुष्यात पुन्हा कधी सापडलं नाही. आत्यानं एकेका पॅनमध्ये सुकटीची चटणी परतली, अंडं केलं, कांदा भाजला. मी अंतर ठेवून बसलो.

‘आत्या, मूठ तापली?’

‘नाय.’

‘आणि ही?’

‘ही पन नाय. कंचीच तापत नाय. गार हायत सगल्या.’ आणि मग माझ्याकडे न बघता, चटणी हलवत ती म्हणाली, ‘आपली जुनी कढई पन कुठं तापते?’

हे वाक्य मी ऐकलं. नीट ऐकलं. आजही त्या वेळची सुकटीची खरपूस चव आठवते, एवढं नीट. मला फक्त आनंद झाला. दुसऱ्या दिवशी मी दादाला छातीठोकपणे सांगितलं, की सगळ्याच थंड राहतात, मग काळी घ्या, ती दिसायला सगळ्यांत फक्कड आहे. दादानं तसा माल मागवला. काळी मूठ, हे मागाहून कळलं, वरून बॅकेलाइटसारखी दिसणारी पण आतून लोखंडाची पोकळ नळी होती. काळा रंग मारलेली.

पहिला फ्रायपॅन बाजारात जाण्याआधी दादानं तो वर भाभीकडे पाठवला. दुपारची वेळ होती, बफ बंद होता, आम्ही डबे सोडून बसलो होतो. वरून जी किंकाळी आली ती ऐकून रस्त्यापलीकडचा चप्पलवालासुद्धा दुकानाबाहेर आला. पाठोपाठ फ्रायपॅन जिन्यावरून गडगडत खाली आला आणि त्याच्यामागून भाभीचा आवाज, ‘वो चरिया किधर है? जिसने पास किया?’

चरिया म्हणजे वेडा. कॅम्प दोनमध्ये काम करणाऱ्याला हा सिंधी शब्द सगळ्यांत आधी शिकायला मिळतो. दादानं मला बोलावलं, पॅन शेडमधल्या भट्टीवर ठेवला, कांदा भाजायला लागतो तेवढा वेळ जाऊ दिला आणि म्हणाला, ‘पकड़.’ मी पकडला. पकडला म्हणजे हात लागला आणि सुटला. बोटं तोंडात घालून मी नाचायला लागलो. सगळे हसले. दादा हसला नाही.

‘तूने बोला, घर में चेक किया.’

‘किया ना दादा. आत्या ने पकडा था. सामने. पूरा चटणी होने तक.’

‘ये हँडल? पूरा टाइम?’

‘हां.’

दादानं हातातला पापड खाली ठेवला. भट्टीवरच्या पॅनकडे बघत, अगदी हळू आवाजात तो म्हणाला, ‘तेरी बुआ है, कि कोई और चीज़ है?’

हसणारे डबे आवरायला लागले. मला का कुणास ठाऊक, आत्या कापराच्या ज्योतीकडे बघते ते आठवलं. मी सायकल काढली.

भर दुपार होती. कॅम्प पाच ओलांडून अंबरनाथकडे येताना रस्त्यात सावली म्हणून नाही, आणि मला घामाऐवजी शहारे येत होते. देवी, भूत, करणी, सगळं डोक्यात येऊन गेलं. खरं काय ते मात्र शिवलंही नाही. चाळीत शिरलो तर सगळीकडे सामसूम. आमच्या दारातून स्टोव्हची घरघर ऐकू येत होती. मी उंबऱ्यात थांबलो. आत्या पाठमोरी बसली होती. दादानं आणून दिलेल्या नमुन्यांतला तो काळ्या मुठीचा पॅन आमच्याकडेच राहिला होता, त्यात ती शेंगदाणे भाजत होती. डाव्या हातानं तिनं मूठ गच्च धरली होती आणि उजव्या हातानं उलथणं फिरवत होती. दाण्यांचा वास येत होता. आणि त्याच्याखाली दुसरा एक वास होता. घोड्याच्या खुराला तापलेली नाल लावताना येतो ना, तसला. आत्यानं नाक वर करून हुंगलं. डावी-उजवीकडे पाहिलं. मुठीजवळून धुराची एक बारीक रेघ सरळ वर चालली होती.

‘दिन्या, आलास व्हय?’ मान न वळवता ती म्हणाली. ‘कायतरी जलतंय रं. बघ बरं जरा, काय जलतंय.’

मी पुढे झालो आणि तिचा हात ओढला. तो सहज सुटला नाही. तळव्याचं काय झालं होतं ते लिहीत नाही. तिनं तो तळवा डोळ्यांसमोर धरला, उलटसुलट करून पाहिला आणि पदरानं स्टोव्हची चावी फिरवली. घरघर थांबली. त्या शांततेत ती म्हणाली, ‘दानं वाया गेलं नाय ना?’

मग आम्ही दोघं जमिनीवर बसलो. मी पातेलंभर पाणी आणलं, तिनं त्यात हात बुडवला. मी रडत होतो, ती नव्हती. मी विचारलं, ‘कधीपासून?’

‘लई दिस झालं. आधी करंगली गेली. मंग बाकीची तिच्या मागनं गेली.’ बोटं गावी निघून गेल्यासारखं ती सांगत होती. ‘हे हात माजं नायत रं. दुसऱ्या कुनाचं तरी घालून फिरते असं वाटतं. काम करतात, सांगितलं ते ऐकतात. पन माज्याशी बोलत नायत.’

‘मग सांगितलं का नाहीस?’

‘कुनाला? बाया पाया पडतात माज्या. त्यांना काय सांगू, की बायांनो, देवी नाय, कापूर ठेवला का नाय ते पन मला कलत नाय?’ तिनं पाण्यातला हात उलटा केला. ‘आनि दिन्या, सासरी एक म्हातारा होता असाच. त्याला पाड्याबाहेर झोपडी बांधून दिलेली. त्याला बोटं नव्हती. मला ठाऊक हाय ते काय अस्तंय.’

ती देवी तिनं पांघरली होती ती याच्यासाठी. देवीच्या बाईला कुणी घराबाहेर काढत नाही. मी मात्र तिच्या त्या झाकलेल्या गोष्टीचा माझ्या मुठी पास करायला उपयोग केला होता. अण्णा पाळीवरून आले, सगळं ऐकलं, आणि इतकंच म्हणाले, ‘ती कुठेही जाणार नाही. उद्या तिला दवाखान्यात ने.’ अण्णांचं एवढं लांब बोलणं मी क्वचितच ऐकलं होतं.

अंबरनाथच्या दवाखान्यात ओळखीचं कुणीतरी भेटणार, म्हणून आम्ही बदलापूरला गेलो. तिथल्या सरकारी दवाखान्यात एक डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी आत्याला डोळे मिटायला सांगितले आणि म्हणाल्या, ‘मी कापूस लावेन तिथे बोट दाखवायचं.’ बाई तिच्या न भाजलेल्या उजव्या हाताला कापसाची बारीक वात लावत गेल्या आणि आत्या बरोबर बोट दाखवत गेली. माझा जीव भांड्यात पडला. डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं, ओठांवर बोट ठेवलं आणि हळूच आपल्या हातातल्या किणकिणणाऱ्या बांगड्या काढून टेबलावर ठेवल्या. पुन्हा सुरुवात केली. करंगळीला कापूस. तळव्याला. मनगटाला. आत्या डोळे मिटून, मान जराशी कलती करून, हसऱ्या चेहऱ्यानं वाट बघत बसली होती. पंखा फिरत होता. कापूस तिच्या हातावर पुढेमागे फिरत होता. बऱ्याच वेळानं ती आर्जवानं म्हणाली, ‘बाई, सुरू करा की.’

मी खिडकीबाहेर बघायला लागलो. मग त्यांनी काचेच्या दोन नळ्या आणल्या, एकीत गरम पाणी, एकीत गार. ‘आता ही कशी आहे?’ ‘गार.’ ‘ही?’ ‘गार.’ ‘ही?’ ‘गारच हाय की.’ माझ्या डोळ्यांपुढे आमचा स्टोव्ह आणि रांगेत मांडलेले फ्रायपॅन उभे राहिले.

‘कुष्ठरोग,’ बाईंनी रोगाचं नाव स्पष्ट सांगितलं आणि तेवढ्याच स्पष्टपणे हेही सांगितलं, की आता याला औषध आहे, औषध सुरू झालं की घरात कुणाला लागत नाही, आणि आत्या घरीच राहील. ‘पण गेलेला स्पर्श परत येईलच असं नाही. रोगानं बोटं झडत नाहीत, भाजण्या-कापण्यानं जातात. बोटं वाचवायची तर सांडशी, फडकं, आणि मुठी न तापणारी भांडी. रोज संध्याकाळी हात डोळ्यांनी तपासायचे.’ निघताना मला वेगळं म्हणाल्या, ‘भांडी नीट पारखून घ्या हं.’ मी खाली मान घालून होय म्हटलं.

औषधाच्या गोळ्या पाकिटांतून मिळायच्या. त्यांनी आत्याची कातडी हळूहळू तांब्यासारखी काळसर होत गेली आणि मोरीत लघवीचं लालभडक पाणी वाहायचं. पहिल्या दिवशी ते बघून मी बेशुद्ध पडायचा बाकी होतो. शुक्रवारचा कापूर बंद झाला. शेवंतामावशीला आत्यानं स्वतः सांगितलं. ती उठली आणि गेली. पुष्कळ दिवस तिचं दार आमच्या बाजूनं बंद असायचं. संध्याकाळी आत्या उजेडात बसायची, दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवायची आणि त्यांना म्हणायची, ‘बघू, आज काय काय उद्योग करून आलात.’ उंडारून आलेल्या पोरांची झडती घ्यावी तशी ती एकेक बोट उलटून बघायची. विनोदानंच करायची ती हे. पण मी कधी त्या वेळी घरात आलो, तर ती एकटी नाहीये असं वाटून पाय दारातच अडायचा.

दादाला मी खरं ते सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, जरा मागे सरकला, मग स्वतःचीच लाज वाटून पुन्हा पुढे आला. शेडमधल्या मुठींची सगळी खोकी त्यानं माझ्यापुढे पालथी केली. ‘बुआ के लिए जो चाहिए निकाल. लेकिन इस बार खुद के हाथ से चेक कर, चरिया.’

केलं. घरच्या स्टोव्हवर, आत्या समोर बसलेली, आणि मी एकेक मूठ धरून बघतोय. पातेल्याच्या बुडाबाहेर ज्योत गेली की कसलीही मूठ तापते. मूठ चांगली असते पण तिचा स्क्रू चटका देतो. लाकूड गार राहतं पण कडेनं जळून काळं पडतं. फडकं ओलं असलं तर वाफ आतून भाजते. हे सगळं मला पुस्तकातून कळलेलं नाही. माझ्या बोटांवर ते फोडांनी लिहिलं जात होतं. शेवटी तपकिरी बॅकेलाइटची लांबुडकी मूठ ठरली, पण भांड्यापासून बोटभर लांब बसवलेली, मध्ये लोखंडाचा दांडा आत न नेलेली. तीसुद्धा मी नको तितका वेळ धरून बघितली, चुकून पलीकडे काठाला हात लावला आणि बोंबललो. आजही भांड्यांच्या दुकानात गेलो की मी प्रत्येक मुठीला आधी लांबून बोट लावतो. तिथली पोरगी म्हणते, ‘काका, हे तापलेलं नाहीये, शोकेसमध्ये आहे.’

त्या संध्याकाळी आत्यानं आपल्या भाजलेल्या हातावर फडकं गुंडाळलं आणि दुसऱ्या हातानं माझ्या बोटांना मलम लावायला बसली. मलम बोटाला कुठे लागतंय ते तिला कळत नव्हतं, म्हणून तिनं माझा हात अगदी डोळ्यांजवळ धरला होता. एकेक फोड बघून ती चुकचुकत होती. अण्णा जेवायचे थांबून बघत होते.

‘माज्या हातांना कलत नाय, त्यांचं औषध निघालं,’ ती अण्णांना म्हणाली. ‘याच्या डोस्क्याचं पन हाय का, विचारायचं का रं त्या दवाखान्यातल्या बाईंना?’